आमची वहिनी, म्हणजे ऑफिसातली नाहीबाई

ज्या दिवशी वहिनी गेली त्या दिवशी दुपारी ती आईला घेऊन ऑफिसला गेली होती. आई म्हणजे माझी आई, तिची सासू. सोबत मीपण होतो, कारण तिच्या ऑफिसची लिफ्ट बंद होती आणि आईला जिना चढायला आधार लागतो. सुनेच्या ऑफिसला जायचं म्हणून आईने ठेवणीतले कपडे काढले होते, सकाळपासून तयार होऊन बसली होती. वाटेत सारखी विचारत होती, "पण मी तिथं करायचं काय?"

वहिनी म्हणाली, "काही नाही हो आई. दवाखान्यात जे झालं तेच परत करायचं."

"म्हणजे परत चुकायचं?"

"हो. अगदी मनापासून चुका."

"आणि लोक बघणार?"

"बघायलाच बोलावलंय त्यांना."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकतोयस ना? सासूची फजिती चारचौघांत करायची, आणि वर पगार घ्यायचा. अशी नोकरी मला का नाही मिळाली कधी?"

दवाखान्यात काय झालं होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोठ्या दवाखान्यात आत शिरलं की दाराशीच एक उभं मशीन असतं, त्याला काचेची स्क्रीन. बोटाने दाबायचं, आपण कोण, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, मग खालून चिठ्ठी निघते, ती घेऊन बसायचं. त्या मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर वहिनीच्या कंपनीने केलेलं. आई डोळे दाखवायला एकटीच गेली होती. पहिलं बटण दाबलं तिने बरोबर. पुढे बारीक अक्षरं आली म्हणून पिशवीतून चष्मा काढायला गेली. चष्मा पाण्याच्या बाटलीखाली. तो काढून डोळ्याला लावेपर्यंत स्क्रीन परत पहिल्या जागी. पुन्हा सुरू केलं तर जुन्या कार्डाचा नंबर मागितला. कार्ड शोधलं, तोवर परत पहिल्या जागी. मग फोन नंबर मागितला, तो पाकिटातल्या कागदावर. परत तेच. मागे रांग वाढलेली. कुणीतरी म्हणालं, "आजी, येत नसेल तर बाजूला व्हा ना."

आई बाजूला झाली आणि डॉक्टरला न दाखवताच घरी आली. म्हणाली, "मी आता त्या दवाखान्यात पाय ठेवणार नाही. माझं डोकंच चालत नाही आता."

वहिनी म्हणाली, "आई, डोकं तुमचं नाही बिघडलेलं. मशीन आमचं बिघडलंय."

"उगाच समजूत नको काढू गं. बाकीच्यांना येतं की."

डोळ्यात घालायचं औषध संपलं तरी आई जाईना. जाणार नाही म्हणजे नाही. तेव्हापासून वहिनी एकाच गोष्टीच्या मागे लागली. ते मशीन सावकाश माणसासाठी थांबलं पाहिजे. ऑफिसात ती सांगत होती, ते नाही म्हणत होते. त्यांचं म्हणणं, दवाखान्यालाच रांग लवकर सरकायला हवीय. शेवटी वहिनी म्हणाली, मी सांगून काही होत नाही, आता सासूलाच आणते.

तर आम्ही गेलो. काचेची खोली, चाकांच्या खुर्च्या. मी आयुष्यात पहिल्यांदा चाकाच्या खुर्चीवर बसलो, बसलो आणि थेट मागच्या भिंतीला गेलो. वहिनीच्या मॅनेजरबाई होत्या, आणि एक मुलगा होता, जाड चष्म्याचा, ज्याने ते सॉफ्टवेअर लिहिलं होतं. घरी वहिनी त्याला चष्मेवालाच म्हणायची, त्यामुळे माझ्याही तोंडात तेच बसलंय. दवाखान्यातलं तसलंच मशीन टेबलाशी उभं केलेलं.

वहिनीने सगळ्यांना बजावलं. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, मदत करायची नाही. आणि स्वतः दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. ही तिची कायमची पद्धत. समोरचा माणूस अडला की आपला हात आपोआप पुढे जातो, म्हणून ती हातांवरच बसायची.

आईने बटण दाबलं. अक्षरं आली. आईने पिशवीत हात घातला. पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, रुमाल ठेवला, किल्ल्या ठेवल्या, मग चष्मा निघाला. वर बघते तर स्क्रीन परत पहिल्या जागी.

"गेलं," आई म्हणाली.

पुन्हा सुरू. मग कार्ड. पुन्हा, "गेलं बघ."

चष्मेवाल्याला राहवेना. तो अर्धा उठला, "आजी, तिथे खाली कोपऱ्यात..."

"बस रे," वहिनी म्हणाली. "दवाखान्यात तू नसतोस."

तो बसला. आई परत करत होती, परत परत तेच होत होतं. खोलीत इतकी शांतता की मलाच घाम फुटला. मी प्लंबर, पण गिऱ्हाइकाच्या घरी पाइप फुटल्यावरही मला एवढा घाम येत नाही. शेवटी आईने मशीनकडे पाठ केली आणि विचारलं, "हे कुणी केलंय?"

चष्मेवाला म्हणाला, "मी केलंय आजी."

"दिसायला छान केलंयस रे बाळा. पण किती ते घाईत. माझ्याशी बोलत असताना याचं लक्ष दाराकडे. असल्या माणसाला आपण घरात दुसऱ्यांदा बोलवत नाही."

मॅनेजरबाई आधी हसल्या, मग उठून मशीनजवळ गेल्या. चष्मेवाला खाली बघून काहीतरी लिहीत होता. निघताना बाई म्हणाल्या, "बघू या आपण."

जिना उतरताना वहिनी नुसती उड्या मारत होती. "ऐकलंत ना भाऊजी? बघू म्हणाल्या!"

मी म्हटलं, "वहिनी, बघू म्हणजे नाहीच की. मी पण गिऱ्हाइकाला बघू म्हणतो तेव्हा जात नसतो."

"तुम्हाला काही कळत नाही. इतके दिवस 'नाही' म्हणत होते. 'बघू' आज पहिल्यांदा आलंय."

घरी आलो. दादा दुकान बंद करून लवकर आला होता. माझा मोठा भाऊ शिंपी आहे. वहिनीने चहा केला, सगळ्यांना दिला, आपला कप घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, पाय वर घेतले. आई दादाला सगळं करून दाखवायला लागली. मी भिंतीला कसा आपटलो तेही. वहिनी हसत होती. आम्ही सगळेच हसत होतो. आईचं सांगून झालं आणि ती म्हणाली, "काय गं, खरं की नाही?"

वहिनी बोलली नाही. आईला वाटलं डोळा लागला. दादा उठून तिच्या हातातला कप काढायला गेला, सांडेल म्हणून, आणि कप हातात घेऊन तसाच उभा राहिला.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, तिला काही कळलंही नसेल. भेटायला येणारे म्हणतात, किती सुखाचं मरण. चहा पीत, हसत, आपल्या माणसांत. खरं असेल. पण मला त्या सुखाचा अजून पुष्कळ वाटा पाहिजे होता.

तिच्या मॅनेजरबाईंनी सांगितलं, घरातल्या कुणीतरी तिच्याबद्दल लिहून द्या, ऑफिसात सगळ्यांना वाचायचंय. दादाला जमेना. तो शिवायला बसतो, पायाखाली यंत्र असतं आणि पाय हलत नाही. आई म्हणाली, "तू लिही. तूच तिच्याशी जास्त भांडायचास." मी प्लंबर. शाळा लवकर सुटली. फोनवर एका बोटाने टाइप करतोय, बोलतो तसंच लिहितोय. हे नातेवाइकांनाही पाठवणार आहे, कारण वहिनी काय काम करायची ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच. आणि मग आपले बिघडलेले प्रिंटर घेऊन यायचे.

तर नातेवाइकांनो, तिचं काम असं. एकजण सॉफ्टवेअर लिहितो. ते बाहेर लोकांच्या हातात जायच्या आधी दुसरा एकजण ते वापरून बघतो, मुद्दाम वेडंवाकडं वापरतो आणि कुठे अडतं ते शोधतो. त्या अडण्याला ते लोक बग म्हणतात. शोधणारी ती आमची वहिनी. टेस्टर. नावाच्या जागी नुसता एक ठिपका देऊन बघायची. वयाच्या जागी दोनशे. अजून जन्मायचा असलेल्या माणसाची जन्मतारीख. एकच बटण घाईघाईत पुन्हा पुन्हा दाबायचं, चिडलेला माणूस दाबतो तसं. खोटे पेशंट लागायचे तिला, मग घरातलीच नावं टाकायची. मी त्यांच्या मशीनमध्ये दातांसाठी, हाडांसाठी, पोटासाठी, कशाकशासाठी भरती झालोय. दादाला तर तिने एकदा चक्क मेलेला दाखवला, मेलेल्या माणसाला परत डॉक्टरची वेळ मिळते का ते बघायला. दादा म्हणाला, "मिळाली का?" म्हणाली, "मिळाली ना, मंगळवारची. तेच तर चुकलंय."

ती आधीपासून हे करत नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा त्याच कंपनीत फोनवर बसायची. लोक फोन करून तक्रारी करायचे, शिव्या द्यायचे, ही ऐकून घ्यायची. आठ तास कानाला यंत्र लावून शिव्या. पण ती म्हणायची, शिव्या देणारा बरा. तो निदान मशीनला शिव्या देतो. जो सुरुवातीलाच म्हणतो, "माफ करा हं, मला यातलं काही कळत नाही, माझंच काहीतरी चुकत असेल," त्याचं वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा त्याचं काही चुकलेलं नसायचं. ती हे वरच्या लोकांना जाऊन सांगायची, तुमचं हे बटण इथं नको, लोकांना सापडत नाही. इतक्यांदा सांगितलं की ते वैतागून म्हणाले, मग तुम्हीच तपासा आधी. झाली टेस्टर.

ऑफिसात तिला नाहीबाई म्हणायचे. "झालं का तयार?" विचारलं की तिचं उत्तर "नाही". आणि त्यावर चष्मेवाल्याचं ठरलेलं वाक्य, "माझ्याकडे चालतंय."

हे वाक्य आमच्या घरात इतकं रुळलं की काय सांगू. दादाने विजार शिवली, माझा हात खिशात जाईना, तर दादा म्हणणार, "माझ्याकडे चालतंय." चहात साखर कमी पडली म्हटलं तर आई म्हणणार, "माझ्याकडे चालतंय." पण वहिनी कधीकधी खरंच रडकुंडीला यायची. दिवसभर खपून एक बग शोधायचा, नीट लिहायचा, आधी हे दाबलं, मग ते दाबलं, मग असं झालं. आणि संध्याकाळी तो परत यायचा, वर शिक्का मारलेला, 'बंद. असं होत नाही.' ती घरी येऊन चप्पल काढायची तशी कळायचं आज काय झालंय. एक चप्पल दाराशी, एक स्वयंपाकघरात.

मला ते नीट कळायचं, कारण माझ्या धंद्यात हेच उलटं होतं. गिऱ्हाईक बोलावतं, नळ रात्रंदिवस गळतो. मी जातो तर नळ शहाण्या बाळासारखा गप्प. एक थेंब नाही. मग गिऱ्हाइकाचं तोंड बघण्यासारखं होतं. मी वहिनीला सांगायचो, "मी तिथं 'गळत नाही' म्हणून निघून आलो तर?"

"मग तुम्ही चष्मेवाले."

"मी तसं नाही करत. मी थांबतो. चहा मागतो. चहा येईपर्यंत गळतोच."

हे तिने ऑफिसात जाऊन सांगितलं. तेव्हापासून ते लोक कधी दिसतो कधी नाही असा बग आला की म्हणतात, चहा मागवा. निदान मला तरी ती असंच सांगायची, खरं खोटं तुम्हीच ठरवा.

सुरुवातीला मी तिचा खास माणूस होतो. तिला असा माणूस लागायचा ज्याला काही माहीत नाही. जेवण झालं की हाक यायची, "भाऊजी, जरा या. हे घ्या. आता समजा तुम्हाला दाढ दुखतेय."

मी माझ्या जाड बोटाने दाबायचो. एक दाबायला जावं तर शेजारचंही दाबलं जायचं. वहिनी हात मांडीखाली घालून बघत बसायची. मी अडलो की विचारायचो, "आता काय?" ती तोंड घट्ट मिटून बसणार. मी चिडायचो, "सांग ना!" ती मान हलवणार. मी मोबाइल ठेवून द्यायला लागलो की तिच्या चेहऱ्यावर असा आनंद! "सापडलं! इथं सोडून दिलंत ना तुम्ही? इथंच ना?" मी आयुष्यात इतक्या वेळा चुकलोय, पण चुकल्याबद्दल शाबासकी फक्त वहिनीने दिली.

पण मग मी बिघडलो. इतकं करून करून मला सगळं यायला लागलं. कुठे काय लपवलेलं असतं ते न बघता कळायचं. एक दिवस तिने नवीन काहीतरी दिलं, मी सटासट दाबून तिच्या हातात परत दिलं आणि छाती फुगवून बसलो. तिने कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"तुम्ही हुशार झालात भाऊजी. आता तुम्ही माझ्या काही कामाचे नाही."

"अरे वा! इतकी वर्षं घरचे म्हणत होते हुशार हो, हुशार हो. झालो तर ही कामावरून काढते."

"आईंना हाक मारा."

अशी आई लागली कामाला. आणि आई म्हणजे सोन्याची खाण. तिला कसलीच सवय लागायची नाही. आज केलेलं उद्या कोरं. वहिनी म्हणायची, असा माणूस नशिबाने मिळतो. एकदा वहिनीने घरीच एक स्क्रीन भिंतीला टेकवून मशीनसारखी उभी केली होती. आईने आपलं नाव दाबलं. स्क्रीनवर आलं, 'पुढे जा.' आईने पिशवी उचलली आणि पुढे निघून गेली, सरळ दारापर्यंत. वहिनीला हसू आवरेना. ऑफिसात सांगितलं तर चष्मेवाला म्हणाला, "ताई, असं कोण करेल?"

वहिनी म्हणाली, "माझी सासू."

त्यानंतर त्यांच्याकडे त्या चाचणीचं नावच सासूबाई पडलं. काही नवीन केलं की विचारायचे, सासूबाईंकडून पास झालं का? आईला हे कळलं तेव्हा ती आठवडाभर शेजारीपाजारी सांगत होती की सुनेच्या ऑफिसात माझ्या नावाची परीक्षा आहे आणि मोठमोठे शिकलेले त्यात नापास होतात.

म्हणून दवाखान्यातलं ते आईला इतकं लागलं असावं. घरी चुकलं की शाबासकी, आणि तिथं मागून कुणी म्हणालं बाजूला व्हा.

घराबाहेरही वहिनीचं काम चालूच असायचं. एखाद्या दुकानाचं दार बाहेर ओढायचं असलं आणि लोक आत ढकलत असले की ही समोरच्या बाजूला उभी राहून बघत बसणार. दादा सामान घेऊन पुढे गेलेला, वळून बघतो तर बायको नाही. मी बसवलेले नळही सोडायची नाही. म्हणायची, "भाऊजी, नळ वापरायला कुणी कधी शिकवणी लावली का? नाही ना? असं पाहिजे." मग एका गिऱ्हाइकाकडे मी नवा फॅशनचा नळ बसवला, त्याला ना मूठ ना चावी, हात खाली धरला की पाणी. फोटो दाखवला तर म्हणाली, "आणि वीज गेली की?" मी म्हटलं, "माझ्याकडे चालतंय." तिने लाटणं उगारलं.

दादा आणि ती फार बोलायचे नाहीत आमच्यासमोर. पण तिच्या एकूणएक कपड्याला दादा खिसे शिवायचा. ज्याला कुणी खिसा लावत नाही त्यालाही. आणि ती घालून बघायची, हात खिशात घालायची, फोन टाकायची, वाकायची, बसायची, आणि म्हणायची, "पास." ऑफिसात जन्मात कुणाला ती एका फटक्यात पास म्हणाली नसेल.

चष्मेवाल्याशी तिचं भांडण रोजचं, पण दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे. घरी ती त्याला नावं ठेवायची आणि डब्यात त्याच्यासाठी जास्तीचं भरायची. मी विचारलं तर म्हणाली, "भांडायला ताकद नको का त्याला?" ती सुखी होती हो. वैतागायची, पण सुखी होती. ज्या दिवशी काहीच चूक सापडायची नाही त्या दिवशी तिला करमायचं नाही, म्हणायची नक्की काहीतरी सुटलंय माझ्या नजरेतून.

ती गेल्यावर चष्मेवाला घरी आला. दाराशी उभा राहिला, आत येईना. आईनेच हाताला धरून बसवलं. मग म्हणाला, "आजी, ते केलंय मी. आता थांबतं. दवाखान्यात बसवून झालं. तुमचा चष्मा सापडेपर्यंत थांबतं."

आई म्हणाली, "तिला सांगायचं होतंस रे."

"त्याच संध्याकाळी बसलो होतो करायला. म्हटलं सकाळी दाखवतो."

त्याने चष्मा काढून हातात धरला. दादा उठून आत गेला. आईने चष्मेवाल्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण दवाखान्याचं नाव काढलं तर मानच हलवली. म्हणाली, "ती नाही तर आता कशाला. माझ्या डोळ्यांना तसंही आता काय बघायचंय?"

काही दिवस तसेच गेले. मग एका सकाळी म्हटलं, "आई, तुझ्या सुनेने एवढं भांडून ते करून घेतलं. चालतंय का नाही ते बघायला तरी कुणी जायला नको का? मी तर हुशार झालोय, मी काही कामाचा नाही."

आईने माझ्याकडे बघितलं, मग उठली आणि पिशवी भरायला घेतली. चष्मा बाटलीखालीच टाकला, मी बघितलं.

दवाखान्यात गर्दी होती. आई मशीनपुढे उभी राहिली. मी दोन पावलं मागे, गप्प. आईने दाबलं. अक्षरं आली. बाटली काढली, रुमाल काढला, चष्मा काढला, फुंकर मारून पुसला, डोळ्याला लावला. स्क्रीन जिथल्या तिथे. कार्ड शोधलं, नंबर दाबला. स्क्रीन उभीच. फोन नंबरच्या कागदाला तर तिने मुद्दाम वेळ लावला असं मला वाटतं. मशीन थांबलं. खालून चिठ्ठी आली. आईने ती दोन्ही हातांनी घेतली, पुन्हा वाचली, म्हणाली, "डोळे. बरोबर आहे." आणि बाकावर जाऊन बसली. मागच्या माणसांकडे तिने वळूनही बघितलं नाही. चष्म्याखालून डोळे पुसले तेवढे.

मी शेजारी बसलो. आमचा नंबर यायचा होता. आई म्हणाली, "पास म्हण की."

"तूच म्हण. परीक्षा तुझी."

"पास," आई म्हणाली.

तेवढ्यात एक बाई कडेवर तान्हं बाळ घेऊन मशीनशी आली. तिने भराभर सगळं दाबलं आणि ऐन चिठ्ठी निघायच्या वेळी बाळाने तिच्या खांद्यावर दूध काढलं. ती तशीच पळत नळाकडे गेली. मशीन आता शहाणं झालेलं, ते तिची वाट बघत थांबलं. थांबलंच. मागून एक आजोबा आले, काठी टेकत. त्यांना समोर एकच बटण दिसलं, 'चिठ्ठी घ्या'. त्यांनी ते दाबलं, चिठ्ठी घेतली आणि चालायला लागले.

थोड्या वेळाने लहान मुलांच्या डॉक्टरांच्या दाराशी आवाज वाढला. नर्सबाई विचारत होत्या, "आजोबा, बाळ कुठंय?"

"कसलं बाळ?"

"तुमचं. चिठ्ठीवर तीन महिन्यांचं बाळ आहे."

"अहो मला सत्त्याऐंशी वर्षं झाली, माझं गुडघ्याचं आहे!"

तिकडे ती बाई बाळाला पुसून परत आली होती आणि मशीनला विचारत होती माझी चिठ्ठी कुठंय. आई हसायला लागली. तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत. वहिनी गेल्यापासून तिला हसताना मी बघितलं नव्हतं, मग मलाही आवरेना. मी त्या बाळाच्या आईला तिची चिठ्ठी कुठे आहे ते दाखवलं, आणि बाजूला जाऊन चष्मेवाल्याला फोन लावला.

"थांबतंय का?" त्याने आधी तेच विचारलं.

"थांबतंय हो. आईचं काम झालं. पण आता ते जरा फारच थांबतंय." आणि सगळं सांगितलं.

आजोबांनी नेमकं कुठलं बटण दाबलं ते त्याने परत विचारून घेतलं. मग म्हणाला, "माणूस बाजूला गेला की आधीचं पुसायलाच पाहिजे होतं. किंवा विचारायला पाहिजे, तुम्ही अजून आहात का म्हणून. ताईंनी पहिल्या मिनिटाला धरलं असतं मला." मग म्हणाला, "त्या आजोबांना सोडू नका. मला त्यांना विचारायचंय त्यांना काय वाटलं बटण बघून. आलोच मी."

मी आजोबांना गाठलं आणि म्हटलं, "आजोबा, चिठ्ठी चुकीची आहे, चला, तुम्हाला गुडघ्याची काढून देतो."

आजोबांनी लहान मुलांच्या डॉक्टरांच्या खोलीत डोकावून बघितलं. मग शेजारच्या खुर्चीवर बसले, काठी दोन पायांत धरली.

"राहू द्या. गुडघ्याच्या डॉक्टरकडे ही एवढी रांग आहे," ते म्हणाले. "इथे दोनच जण आहेत, आणि डॉक्टरबाई बोलायला चांगल्या आहेत. यांनाच दाखवतो."